पापा एमेरीच्या गाण्यातलं एक नाव

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी माझी घोषणा केली, तेव्हा धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं होतं. ट्रॉलीवर बॅगा, बॅगांवर आईने सुतळीने आवळलेला लोणच्याचा डबा, माझ्या बायकोच्या, रश्मीच्या, कडेवर पेंगुळलेली आमची ईशा. तिकीट नसलेल्यांना आत सोडत नाहीत म्हटल्यावर बाबा काचेच्या दाराबाहेर थांबले. त्यांनी घसा खाकरला आणि स्टेजवरच्या आवाजात म्हणाले, "आणि आता येत आहेत, आपल्या सर्वांचे लाडके, डॉक्टर प्रशांत दिगंबर ठोंबरे, थेट आयर्लंड!" दोन टॅक्सीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "अहो, पुरे न आता." मी मान खाली घालून आत सटकलो. काचेतून वळून पाहिलं तर बाबांची मूठ अजून तोंडापाशीच होती, माइक धरल्यासारखी.

बाबा वीज मंडळात कारकून होते, पण ती झाली नोकरी. त्यांचा जीव ऑर्केस्ट्रात. गणपती, दुर्गा उत्सव, लग्नांची रिसेप्शनं, जिथे ऑर्केस्ट्रा तिथे निवेदनाला दिगंबर ठोंबरे. गाता गळा त्यांना नव्हता. पण दोन गाण्यांच्या मधे लोक चिठ्ठ्या पाठवायचे, अमक्याकडून गायिकेला बक्षीस, तमक्याच्या नातवाच्या बारशानिमित्त फर्माईश, आणि ती नावं बाबा अशी वाचायचे की माणूस खुर्चीत दोन इंच वर यायचा. नगरसेवक, दारूच्या दुकानाचा मालक, शाळेचे मुख्याध्यापक, सगळ्यांना आवाज एकच. जेवताना ते आम्हाला सांगायचे, "गाणं चुकलं तं लोक माफ करते. नाव चुकलं तं मानूस घरी जाऊन जेवत नाई." मी आणि दादा टेबलाखालून एकमेकांना लाथा मारायचो, कारण पुढचं वाक्यही आम्हाला पाठ होतं.

हे मी तुम्हा मागे राहिलेल्यांसाठी लिहितोय, आणि इथे आयर्लंडमध्ये नासला, कॉर्कला, रिंगास्किडीच्या औषध कारखान्यांत जाऊन बसलेल्या आपल्या मंडळींसाठीही. आपण एकमेकांना दिवाळीच्या कार्यक्रमात भेटतो, "मस्त चाललंय, ग्रँड" म्हणतो आणि चिवड्याच्या प्लेटा घेऊन पांगतो. जे ग्रँड नाही ते सांगायला तिथे जागाच नसते. म्हणून इथे सांगतो.

मलिंगारच्या हॉस्पिटलात रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात माझं नाव हरवलं. यात कुणाची चूक नव्हती. इथल्या माणसाला मधलं नाव म्हणजे आजीचं किंवा एखाद्या संताचं, असलं तर असलं. आपल्याकडे मधे बाप असतो, हे मी हॉस्पिटलच्या ऑफिसातून फोन करणाऱ्या बाईंना इतक्या उत्साहाने समजावलं की त्यांच्या मनात तेवढाच एक शब्द पक्का राहिला. बिल्ला हातात आला त्यावर 'डॉ. दिगंबर'. बदलून घेईन बदलून घेईन म्हणेपर्यंत सगळ्या वॉर्डात तेच झालं. तरुण पोरं तर 'डिगर' म्हणू लागली. फक्त मॉरीन, आमची सर्वांत जुनी नर्स, तिला नावं कापलेली आवडत नाहीत. तिने मला थांबवून नीट विचारून घेतलं, दोनदा म्हणून पाहिलं आणि तेव्हापासून ती पूर्ण 'दिगंबर' म्हणते, फक्त शेवटचा 'र' जरा जास्त फिरवते. बाबांना फोनवर सांगितलं तर ते खूश झाले. "म्हन्जे थ्या पोरी दिवसभर मलेच हाका मारून रायल्या," म्हणाले. आईने मागून काहीतरी टोमणा मारला.

पापा एमेरी शेजारी राहायचे, म्हणजे अजूनही राहतात. दोन घरांत एक भिंत. पहिली भेट वादळानंतरची. आमचा कचऱ्याचा डबा वाऱ्याने पार कोपऱ्यापर्यंत नेला होता आणि एक उंच, साठी उलटलेले गृहस्थ, लांब कोट आणि आरशासारखे बूट घालून, तो ढकलत आमच्या दाराशी आणत होते. मी आभार मानायला लागलो तर म्हणाले, "दॉक्तर, डबा तुमचा, पण वादळ सगळ्यांचं." ते मांसाच्या कारखान्यात कामाला होते. तिथून यायचे, अंघोळ करायचे, इस्त्रीची पँट चढवायचे आणि मग कुठेही जायचे नाहीत. स्वयंपाकघरात बसून गायचे. भिंतीतून ऐकू यायचं. गोड, जरा फाटलेला आवाज, भाषा कळायची नाही. रश्मी कणीक मळता मळता थांबायची.

एकदा मी त्यांना म्हटलं, छान गाता तुम्ही. ते आत गेले आणि एक जुनी रेकॉर्ड घेऊन आले. कव्हरवर पांढऱ्या सुटातला एक तरुण, एक पाय पुढे, हनुवटी वर. मी फोटोकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघायला लागलो तर म्हणाले, "मी नाही तो. तो सूट आहे." ईशा एव्हाना शाळेत जाणारी झाली होती, तिने लगेच फोनवर शोधलं, गाणं सापडलं, किती लोकांनी ऐकलंय ते पाहिलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मीच इतके दिवस लपवून ठेवलं होतं. "डॅड, ही'ज अ‍ॅक्च्युअली फेमस, लाइक."

मग हळूहळू कळत गेलं. काँगोमधल्या किन्शासाचा जन्म. आई मासळी विकायची. चर्चच्या गायनवृंदात आवाज सुटला, तिथून वस्तीतल्या बँडमध्ये मागे उभं राहून साथ, मग पुढचा माइक, मग त्यांचा स्वतःचा बँड. तिकडे गाण्याचे दोन भाग असतात. पहिला संथ, प्रेमाचा किंवा विरहाचा. मग गिटारी एकदम पळू लागतात, बसलेले लोक उठतात, त्या भागाला सेबेन म्हणतात. पापा एमेरींचं नाव झालं ते एका गाण्याने. नदीच्या धक्क्यावर एक बाई पलीकडून येणाऱ्या फेरीबोटीची वाट बघतेय, बोट येते, उतरणाऱ्यांत तिचा माणूस नसतो, ती म्हणते पुढच्या बोटीत असेल. बस्स, एवढंच गाणं. त्या वर्षी म्हणे किन्शासात एकही लग्न त्याच्याशिवाय लागलं नाही. "विरहाचं गाणं आणि लग्नात?" मी विचारलं. "लग्नातच," ते म्हणाले, "नंतर ऐकून काय उपयोग?"

आणि त्या सेबेनमध्ये एक नाव आहे.

पापा एमेरी मला समजावू लागले की त्यांच्याकडे गायक पळत्या गिटारींच्या मधे माणसांची नावं पुकारतो. ज्याने मदत केली त्याचं, ज्याच्या घरी जेवला त्याचं, ज्याने नुसतं पुकार म्हणून निरोप धाडला त्याचंही. त्याला लिबांगा म्हणतात, म्हणजे दगड. गाण्यात दगड टाकायचा. ते जपून, सावकाश समजावत होते, युरोपातल्या माणसाला हे भाटगिरी वाटतं म्हणून. मला हसू आवरेना. म्हटलं, पापा, माझ्या बापाने आयुष्यभर हेच केलं! मग मी त्यांना चिठ्ठ्यांचं सांगितलं, नगरसेवकाचं, दारूवाल्याचं, नाव चुकलं तर माणूस जेवत नाही हेही सांगितलं. ते टेबलावर हात आपटून हसले, हसता हसता डोळे पुसले आणि मग त्यांचं हसू मावळलं.

कारण त्यांचं नाव चुकलं नव्हतं. नाव बरोबर होतं, माणूस चुकला होता.

गाणं ध्वनिमुद्रित होत होतं तेव्हा शहरात वीज नव्हती. कित्येक दिवस नव्हती. एका बड्या असामीने स्टुडिओला जनरेटर पाठवला आणि त्याच्या माणसाने दारात उभं राहून एवढंच सांगितलं, साहेबांचं नाव टाका. त्यांनी टाकलं. कुणीही टाकलं असतं. बाबा वीज मंडळात होते, त्यांना हे कारण मी फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बराबर हाय न मंग. लाईट कोनी देल्ली?" पण पुढे त्या बड्या असामीकडे बंदूकवाली माणसं आली, त्यांनी वस्त्या रिकाम्या केल्या, तरुण मुलं रात्रीतून उचलली. त्यातली किती परत आली हे पापा एमेरी सांगत नाहीत. मी इथे ते नाव लिहीत नाही. जितक्या ठिकाणी ते पोचायचं तितक्या ठिकाणी पोचलंय.

मग एक दिवस बड्या असामीचं राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्याशी बिनसलं. ज्याने ज्याने त्याचं नाव गायलं तो त्याचा माणूस ठरला. पापा एमेरी जी सापडेल ती पिशवी घेऊन फेरीबोटीने नदी ओलांडून पळाले, त्याच धक्क्यावरून. पुढची वर्षं कुठे कुठे गेली ते त्यांनाही सलग आठवत नाही. शेवटी आयर्लंड. आश्रय मागणाऱ्यांच्या सेंटरमध्ये एका खोलीत चार अनोळखी माणसं, मग कागद, मग कारखाना. इथे त्यांच्या देशाचे लोक होते, पण त्यातले बरेचसे त्या बड्या असामीच्या बंदुकांमुळे पळून आलेले. तिकडे ते शत्रूचे गायक म्हणून नकोसे, इकडे खुन्याचे गायक म्हणून. लग्नात अजूनही तेच गाणं लागतं, त्याला कुणी सोडायला तयार नाही. फक्त ती जागा आली की डीजे आवाज खाली करतो. सगळे तेवढे क्षण आवाजाशिवाय नाचतात आणि मग पुन्हा आवाज वर. हे पापा एमेरींनी एकदा हॉलच्या बाहेर गाडीत बसून ऐकलं होतं. आत बोलावणं नव्हतं.

त्यांची मुलगी ब्रसेल्सला असते. तिचा नवरा काँगोचाच, आणि नवऱ्याचा भाऊ उचलून नेलेल्यांपैकी एक. ती बापाचा फोन घेत नाही.

एवढं सगळं कळल्यावर आपण काय करतो? मी डॉक्टर आहे, मला काहीतरी करायची खोड. मी त्यांना म्हणायचो, पापा, लोक विसरतात. ते म्हणायचे, "गाणं विसरू देत नाही." मग मी विषय बदलून त्यांना चहा करायचो. आपल्यासारखा, आलं घालून. तो त्यांना अजिबात आवडत नाही हे मला फार उशिरा कळलं.

त्याच सुमाराला बाबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गल्ली, मग दादाचं लग्न झालंय हे. मी वर्षातून एकदा जायचो, दोन आठवडे त्यांच्याजवळ बसायचो आणि परत येऊन इथल्या म्हाताऱ्यांच्या स्मृतीच्या चाचण्या घ्यायचो. आज वार कोणता, हे शहर कोणतं. त्यांच्या मुलींना जवळ बसवून समजावायचो की हे असंच उतरत जाणार, औषधाने थोडं लांबवता येतं. त्या म्हणायच्या, यू'र व्हेरी गुड, डॉक्टर. स्वतःच्या बापासाठी मला फोनच्या पडद्याइतकी जागा होती, आणि त्यात बहुतेक वेळा दादाचा अंगठा.

"कोन हाय?" बाबा विचारायचे.

"मी प्रशांत, बाबा."

"कोन प्रशांत?"

"तुमचा प्रशांत."

"असन," म्हणायचे आणि पंख्याकडे बघायचे.

एका दुपारी मी जेवणाच्या सुट्टीत वॉर्डाच्या मागच्या खोलीतून असाच फोन लावला होता. बाबा पंख्याकडे बघत होते. मी नागपूरच्या उन्हाचं काहीतरी विचारत होतो. तेवढ्यात मॉरीनने कॉरिडॉरमधून हाक मारली, "दिगंबर! आर यू देअर?"

मी तोंड उघडायच्या आत फोनमधून आवाज आला, "ओ!"

खणखणीत. स्टेजवरचा. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, मान दाराकडे. "ओ! कोन हाये? या न, बसा!" मागे आई पळत आली. मॉरीनने दारातून डोकं आत घातलं. "हू वॉज दॅट?" मी म्हटलं, माझे वडील. "अँड व्हॉट्स हिज नेम?" मी म्हटलं, दिगंबर. ती माझ्या बिल्ल्याकडे आणि फोनकडे बघत राहिली. "जीझस, मेरी अँड जोसेफ. देन हू आर यू?"

मी हसत सुटलो. हसतच होतो असं म्हणू या.

त्यानंतर मॉरीन सुट्टीत मुद्दाम यायची. फोन लागला की दारात उभं राहून हाक मारायची आणि सात समुद्रापलीकडून बाबा ओ द्यायचे. ती विचारायची, "हाउ आर यू कीपिंग, दिगंबर?" आणि बाबा हात जोडून म्हणायचे, "नमस्कार रसिकहो!" मुलगा त्यांना आठवत नव्हता, पण हाक कळत होती. मी मधे फोन धरून उभा असायचो. त्या दोघांचं झालं की फोन बंद.

हे मी पापा एमेरींना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे नाव सर्वांत खाली असतं. सगळं वाहून गेलं तरी ते राहतं." ते बाबांबद्दल बोलतायत असं मला तेव्हा वाटलं.

आणि मग क्लारा आली. क्लारा त्यांच्या लोकांतली, जन्म इथला, बोलणं अस्सल वेस्टमीथचं. त्यांच्या मंडळाचं संमेलन ती ठरवत होती आणि जुन्या लोकांशी भांडून तिने मंजुरी मिळवली होती की पापा एमेरी ते गाणं गातील. अट एकच. नाव यायचं नाही. ती त्यांचा व्हिडिओ सगळीकडे पाठवणार होती, ब्रसेल्सलाही. "जस्ट नॉट दॅट नेम, पापा. प्लीज," ती दारात उभी राहून म्हणाली. पापा एमेरींनी छातीवर हात ठेवून मान झुकवली.

पुढचे काही आठवडे आमचं स्वयंपाकघर म्हणजे स्टुडिओ. नावाच्या जागी काय टाकायचं यावर खल झाला. रिकामं सोडलं तर सेबेन अडखळतं. रश्मीने सुचवलं, तुमच्या आईचं टाका. ममा अँजेल. अक्षरं बरोबर बसली. पापा एमेरींनी ते पहिल्यांदा गाऊन पाहिलं तेव्हा त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. एवढी नावं टाकली आयुष्यात, म्हणाले, मासळी विकणारीचं कधी टाकलं नाही. मग रोज. ईशा कीबोर्डवर गिटारीचा ठेका धरायची, ते गायचे, जागा यायची, ममा अँजेल, आणि ईशा अंगठा वर करायची. एकदाही चुकले नाहीत. मी त्यांना म्हणालो, ग्रँड आहे, पापा. मला खरंच तसं वाटत होतं.

संमेलन गावाबाहेरच्या क्लबच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. बाहेर पावसाची भुरभुर, आत भाताची, तळलेल्या केळ्यांची, मासळीची वाफ. पापा एमेरींनी पांढरा सूट शिवून घेतला होता. ते स्टेजवर आले तेव्हा टाळ्या नव्हत्या, पण कुणी उठूनही गेलं नाही. संथ भाग सुरू झाला आणि मी डोळ्यांनी पाहिलं, हातांच्या घड्या सुटत गेल्या. दुसऱ्या रांगेतली एक म्हातारी बाई, काळ्या रुमालाची, ओठ हलवत होती. बोट आली, माणूस आला नाही, पुढच्या बोटीत असेल. गिटारी पळाल्या. लोक उठले. खुर्च्या मागे सरकल्या, पोरं पुढे धावली, क्लारा फोन वर धरून नाचत होती, पापा एमेरींचा एक पाय पुढे, हनुवटी वर, तो फोटोतलाच माणूस. आणि जागा आली, आणि त्यांच्या तोंडून नाव गेलं.

जुनं.

पूर्ण, स्पष्ट, जसं रेकॉर्डवर आहे तसं.

त्यांना स्वतःला ते ऐकू आलं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. तोंड उघडं राहिलं. गिटारी दोन-चार ठेके पुढे गेल्या आणि एकेक करून थांबल्या. काळ्या रुमालाची बाई उभी होती, ती हळू वळली आणि खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत बाहेर गेली. मग बाकीचे. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. क्लारा फोन छातीशी धरून रडत होती. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, त्यांनीच मला तिथे बसवलं होतं, आणि मी तिथेच बसून राहिलो. मी काय करणार होतो? नाव परत कसं घेतात?

गाडीत ते मागच्या सीटवर बसले. शेवटच्या वळणाला म्हणाले, "दॉक्तर, माझं तोंड मला विचारत नाही." उतरेपर्यंत ते त्यांच्याच भाषेत पुटपुटत राहिले. क्लाराने व्हिडिओ पाठवला नाही, पण हॉलमध्ये इतरांकडेही फोन होते. दुसऱ्या दिवशी तो सगळीकडे होता. ब्रसेल्सहून फोन आला नाही. भिंतीपलीकडचं गाणं बंद झालं. आता ते रविवारी चर्चच्या गायनवृंदात मागच्या रांगेत उभे राहतात आणि जिथे सगळे मिळून गातात तेवढंच गातात.

बाबा गेले ते वसंतात. सकाळी दादाचा फोन आला. त्या दिवशी निघालो तरी दुसऱ्या दिवशी रात्रीच पोचणार, आणि नागपूरचं ऊन, तोपर्यंत ठेवणार कसं? दादाने विचारलं, थांबू का? मी म्हटलं, नको. ते 'नको' मी शांतपणे म्हणालो, डॉक्टरच्या आवाजात. मग स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला फोन टेकवून ठेवला आणि त्यात अंबाझरी घाट बघितला. चित्र मधेच अडकायचं. दादाच्या खांद्यावरचं मडकं अडकलं, बराच वेळ अडकून राहिलं, आणि चित्र सुटलं तेव्हा सगळं झालं होतं.

रश्मीने भिंतीवर टकटक केली असावी. पापा एमेरी आले, लांब कोट, आरशासारखे बूट. माझ्यासमोर बसले. मी न सांगताच ते गाऊ लागले. तेच गाणं, पण संथ, सेबेनही संथच, बोटांनी टेबलावर ठेका धरून. जागा आली. त्यांनी ओठ घट्ट मिटले. नुसती बोटं टेबलावर चालत राहिली, नाव जेवढं लांब तेवढी, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जागा मला दिली होती. मला कळलं. पण बापाचं नाव तोंडाने घ्यायची सवय आपल्याला कुठे असते? फॉर्मवर लिहितो, गळ्यात बिल्ल्यावर घालून हिंडतो, तोंडाने बाबाच. मी प्रयत्न केला. काहीही बाहेर आलं नाही. जागा तशीच गेली आणि ते पुढे गात राहिले.

मी तेराव्याला जाऊन आलो. आईला चल म्हटलं, ती म्हणाली, "मी तिथं येऊन काय करू, मले त्या घरात कोनी हाकही मारनार नाई." बरोबरच होतं. लोक मला विचारतात, घर कुठलं मानतोस आता? नागपुरात मी पाहुणा, डबाभर लोणचं घेऊन परतणारा. इथे माझी मुलगी मला डॅड म्हणते. मला वाटतं, जिथे हाक मारली की कुणीतरी न विचारता ओ देतं, ते घर असावं. तसं आता मला एकही ठाऊक नाही.

कामावर परतलो त्या सकाळी मॉरीन भेटली. तिने माझे दोन्ही हात धरले. मग जरा बिचकत, एखादा नवा शब्द पाठ करून आल्यासारखी म्हणाली, "आय'म सो सॉरी, प्रशांत." अगदी नीट म्हणाली. 'श' सुद्धा बरोबर. ईशाला फोन करून शिकून घेतलं होतं म्हणे. दिगंबर हे नाव तुझ्या वडिलांचं होतं, आता ते वापरणं बरं दिसत नाही, असं काहीसं तिने सांगितलं. मी थँक यू म्हटलं. इतकी वर्षं हरवलेलं नाव कुणीतरी आणून हातात ठेवलं होतं, आणि मला ते नको होतं. दिवसभर ती प्रशांत म्हणत राहिली आणि प्रत्येक वेळी मला वाटे, ही दुसऱ्या कुणाशी बोलतेय.

दुपारी मी मागच्या खोलीत बसलो होतो, नेहमीच्या वेळेला, समोर फोन ठेवून. लावायचा कुणाला नव्हता. कॉरिडॉरमध्ये तिची पावलं वाजली. ती दाराबाहेर थांबली, आणि घाईत असेल, किंवा तिच्याही तोंडाने तिला विचारलं नसेल.

"दिगंबर? आर यू देअर?"

"ओ," मी म्हणालो.